"ओलं झालं की बदलते" हे उत्तर चूक कसं?

पत्र थोडक्यात: महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. त्यांनी आणि त्यांच्या महिला मंडळातल्या मैत्रिणींनी तीन ठिकाणच्या बायकांना मासिक पाळीतल्या स्वच्छतेबद्दल वीस प्रश्न विचारले. एक बांधकामावरच्या मजूर बायकांची वस्ती, दुसरी विणकरांची वस्ती आणि तिसरी त्या स्वतः राहतात ती सुशिक्षितांची वसाहत. उत्तरांना गुण दिले. वसाहत पहिली आली, मजूर वस्ती शेवटची. मंडळाला आता 'अमुक समाजात अज्ञान अधिक' असा अहवाल लिहायचा आहे आणि मजूर वस्तीत पॅड वाटायचे आहेत. ताईंचं मन मात्र त्याला तयार नाही. वस्तीतल्या बैठकीत एक वयस्कर बाई म्हणाली, "कपडा उन्हात वाळवावा हे कळतं मला. तुम्ही जागा दाखवा, मी वाळवते." पुढच्या बैठकीला जेमतेम चार जणी आल्या. विणकरांच्या वस्तीत आयांनी बजावलं, की ज्यांना अजून पाळी आली नाही त्या मुलींसमोर हा विषय नको. त्याच दिवशी दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने ताईंना कोपऱ्यात गाठून विचारलं, "मावशी, आईच्या कपड्यांना रक्त होतं. तिला काय झालंय?" ताई "आईलाच विचार" म्हणाल्या आणि निघाल्या, ते त्यांना अजून टोचतंय. शिवाय प्रश्नावलीत जवळजवळ पूर्ण गुण मिळवलेल्या त्यांच्या जाऊबाईंच्या अंगावर काही महिने पांढरं जातंय, त्याला वास येतो आणि त्या सुगंधी वॉश वापरून दिवस काढताहेत. ताई विचारतात, "आपल्या नसलेल्या समाजातल्या बायकांना, त्यांचा अपमान न होता, हे सगळं कसं शिकवावं?"

प्रिय ताई,

"कसं शिकवावं" हे तुम्ही विचारलंत, पण त्याच्या आधीचा प्रश्न सुटल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही. या बायकांना नेमकं काय माहीत नाही? तुमच्याकडे गुण आहेत, आणि गुणांवरून ते कळत नाही. पत्रासोबत प्रश्नावली पाठवलीत हे फार बरं केलंत. अडचण तिथेच सापडते.

नववा प्रश्न बघा. "पाळीत कपडा किंवा पॅड किती वेळाने बदलता?" तुमच्या तक्त्यात बरोबर उत्तर आहे 'चार ते सहा तासांनी'. मजूर वस्तीतल्या बऱ्याच जणींनी सांगितलं, "ओलं झालं की बदलते." त्यांना शून्य. मला तर त्यांचं उत्तर शरीराला जास्त धरून वाटतं. चार ते सहा तास हा सर्वसाधारण अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी जास्त जात असेल तर दोन तासांतही बदलावं लागतं. शेवटच्या दिवशी कपडा कोरडा वाटला तरी तो दिवसभर तसाच ठेवू नये, एवढं त्या उत्तरात घालायला हवं. बाकी ते बरोबरच आहे. त्यापुढे विचारायला हवं होतं, "ओलं झाल्यावर लगेच बदलता येतं का? कामावर असताना कुठे जाता?" हा प्रश्न वीसांत कुठेच नाही. वसाहतीतल्या बायकांनी 'चार ते सहा तास' सांगून पूर्ण गुण घेतले, पण त्यांतल्या किती जणी सकाळी ऑफिसला जाताना लावलेलं पॅड संध्याकाळी घरी आल्यावर काढतात, हे त्यांनाही कुणी विचारलं नाही. म्हणजे एका गटाला माहिती असून गुण मिळाले नाहीत, आणि दुसऱ्या गटाला नुसत्या माहितीचे मिळाले.

तेरावा प्रश्न साधनाचा. पॅडला दोन गुण, कपड्याला शून्य. हा ज्ञानाचा प्रश्नच नाही, तो ऐपतीचा आणि सोयीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त कार्यक्रमाने २०१२ मध्ये पाळीच्या काळातल्या स्वच्छतेची जी व्याख्या केली, ती बघा. रक्त टिपणारं किंवा साठवणारं साधन स्वच्छ असावं. पाळी असेपर्यंत ते आडोशाला, हवं तितक्या वेळा बदलता यावं. अंग धुवायला साबण आणि पाणी मिळावं. वापरलेल्या साधनाची विल्हेवाट लावायची सोय असावी. साधन कापडाचं असावं की कारखान्यातलं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि या चार गोष्टींपैकी बहुतेक बाईच्या डोक्यात नसतात, तिच्या आजूबाजूला असाव्या लागतात.

तुमच्या मंडळाने हा तक्ता मुद्दाम वाईट केला असं मी म्हणत नाही. मोठमोठ्या पाहण्यांमध्येही हेच चालतं. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते २४ वयाच्या ७७.३ टक्के स्त्रिया 'आरोग्यदायी' साधन वापरतात असं आलं. चौथ्या फेरीत (२०१५–१६) हा आकडा ५७.६ टक्के होता. वाढ चांगलीच आहे. पण 'आरोग्यदायी' मध्ये बाजारातले नॅपकिन, स्थानिक पातळीवर बनवलेले नॅपकिन, टॅम्पॉन (योनीत घालायची शोषक गुंडाळी) आणि कप (योनीत बसवून रक्त साठवणारी लहान मऊ वाटी) एवढंच धरतात. कापड धरत नाहीत. त्याच पाहणीत निम्म्या जणींनी कापड वापरतो असं सांगितलं आणि सुमारे ६४ टक्क्यांनी सॅनिटरी नॅपकिन. या दोन्हींची बेरीज शंभराच्या वर जाते, कारण पुष्कळ जणी दोन्ही वापरतात: बाहेर जाताना पॅड, घरात किंवा रात्री कपडा. हे व्यवहारज्ञान कुठल्याच तक्त्यात गुण मिळवत नाही. तो कपडा कसा धुतला, कुठे वाळवला, हे त्या आकड्यात येतच नाही.

आणि खरा फरक तिथेच पडतो. ओडिशातल्या रुग्णालयांत आलेल्या स्त्रियांवर झालेलं संशोधन २०१५ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्यांत जननमार्गाच्या संसर्गाचं प्रमाण जास्त आढळलं, हे त्यात आहे आणि ते तुमच्या मैत्रिणींचं 'कपड्यापेक्षा पॅड बरं' हे म्हणणं पूर्ण खोडून काढू देत नाही. पण पुढे जाऊन कापड वापरणाऱ्यांमध्ये आपापसांत तुलना केली तेव्हा दिसलं, की कापड घरातच वाळवणाऱ्या आणि संडासात लपवून ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये कँडिडा या बुरशीचा संसर्ग अधिक होता. ओलसर, अंधाऱ्या जागी ठेवलेलं कापड नीट सुकत नाही आणि जंतूंना तेच हवं असतं. तुमच्या बैठकीतल्या त्या वयस्कर बाईने हेच सांगितलं होतं. तिला दोष कळलेला होता, उपाय कळलेला होता, आणि आड काय येतंय हेही तिने एका वाक्यात सांगितलं. तुम्ही तिला परत कपडा उन्हात वाळवण्याचं महत्त्व सांगितलं असेल, तर पुढच्या बैठकीला कुणी का यावं?

म्हणून मजूर वस्तीत पुढच्या वेळी जाल तेव्हा तक्ते आणि चित्रं घरी ठेवा. त्या वयस्कर बाईला गाठा, ती तुमची पहिली मार्गदर्शक. तिला म्हणा, "जागा दाखवा म्हणालात ना, चला, आपण दोघी शोधू." वस्तीत फिरा. कपडा बदलायला कुठे जातात? तिथे दाराला आतून कडी आहे का? पाणी किती अंतरावर आहे, आणि ते कपडा धुवायला पुरतं का, की स्वयंपाकाचं तोडून आणावं लागतं? रात्री तिथे जायला भीती वाटते का? कामावर संडास नसेल तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात आणि मग मूत्रमार्गाचे संसर्ग होतात. तेही विचारा, कारण त्या ते पाळीशी जोडून सांगणार नाहीत.

या फेरीतून जी यादी निघेल ती बहुधा लहान असेल. एक कडी. एक बादली आणि मग. बायकांच्याच बाजूला, थोड्या उंचीवर, ऊन लागेल अशी एक दोरी. झाकणाचा एक डबा. यासाठी मुकादमाशी किंवा ठेकेदाराशी बोलावं लागेल, आणि तिथे तुमच्या शिक्षणाचा, तुमच्या शब्दाच्या वजनाचा खरा उपयोग आहे. बायकांपुढे तो फारसा नाही. मुकादमाला पाळीवर व्याख्यान देऊ नका. "बायकांसाठी आडोसा, कडी, पाणी आणि कपडे वाळवायची दोरी हवी" एवढं पुरतं. मागणी बायकांनी ठरवलेली असू द्या, आणि त्यांची तयारी असेल तर त्यांतल्या एक-दोघी तुमच्या सोबत असू द्या. ठेकेदाराने नाही म्हटलं तरी पुढे कुठे जायचं हे बायकांना सांगून ठेवा. संडास आणि पाणी ही कामावरच्या माणसांची कायदेशीर गरज आहे, उपकार नव्हे.

दोरी मिळाली तरी लाजेचा प्रश्न उरतोच. पुरुषांच्या नजरेसमोर तो कपडा टाकायला कुणाचं मन होत नाही, आणि त्यासाठी त्यांना धीट व्हायला सांगणं मला पटत नाही. वरून पातळ ओढणी किंवा जुना सुती पंचा टाकला तर ऊन आणि वारा दोन्ही मिळतात. पावसाळ्यात ऊन नसेल तर वारा लागेल अशा ठिकाणी पूर्ण कोरडं होऊ द्यावं, इस्त्री असेल तर फिरवावी. कपडा आधी थंड पाण्यात धुवावा, गरम पाण्याने रक्ताचा डाग बसतो. मग साबण लावून चोळावा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावा. वाळलेला कपडा स्वच्छ कापडी पिशवीत, कोरड्या जागी ठेवावा. कडक झाला, विरला, डागाने भरला की टाकून द्यावा. आणि बदलण्याच्या आधी आणि नंतरही हात धुवावेत. हे सगळं तुमच्या प्रश्नावलीत असतं, तर बऱ्याच बायकांनी तुम्हालाच दोन गोष्टी शिकवल्या असत्या. खास करून हात धुण्याचं बघा: 'नंतर' सगळ्या धुतात, 'आधी' फार थोड्या, आणि त्यात शिक्षणाने फारसा फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

आता पॅड वाटण्याबद्दल. मी पॅडच्या विरोधात नाही. दिवसभर उभं राहून, ओझी उचलून काम करणाऱ्या बाईला पॅडने मोठा आराम मिळतो, शाळेतल्या मुलीला निर्धास्त बसता येतं. ते हवं असणं यात काही चूक नाही. पण एका महिन्यापुरती पाकिटं वाटून, फोटो काढून आपण निघून आलो, तर पुढच्या महिन्यात त्या बायका काय करणार? आणि वापरलेलं पॅड जाणार कुठे? कचरा उचलणारी गाडी येत नसेल तर ते संडासात तुंबेल, नाल्यात जाईल किंवा उघड्यावर जळेल. बहुतेक पॅडमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. जिथे कचरा उचलला जातो तिथेही ते हाताने वेगळं करणारी बहुतेकदा कुणीतरी बाईच असते, म्हणून कागदात नीट गुंडाळून, वर खूण करून देण्याची सवय तुमच्या वसाहतीत आधी लावा. मंडळाकडे पैसे असतील तर माझा कौल असा: एका पिशवीत सगळी साधनं घेऊन जा. सुती घडी, शिवलेलं कापडी पॅड, बाजारातलं पॅड, मासिक पाळीचा कप. हातात द्या, पाण्याने भिजवून दाखवा, फायदे-तोटे दोन्ही सांगा. कप बारा तासांपर्यंत ठेवता येतो आणि दोन पाळ्यांच्या मध्ये उकळावा लागतो. टॅम्पॉन मात्र आठ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, कारण क्वचित पण जिवावर बेतणारा टॉक्सिक शॉक सिंड्रोम, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणारा आजार, होऊ शकतो. मग ज्यांना जे हवं ते, आणि ते सलग मिळत राहील अशी व्यवस्था. सलग देता येत नसेल, तर तो पैसा दोरी, कडी आणि साबणावर घालवा.

विणकरांच्या वस्तीतली गोष्ट मला जास्त नाजूक वाटते. तुम्ही लिहिलंय, "या समाजात आया मुलींना मुद्दाम अंधारात ठेवतात." आधी एवढं लक्षात घ्या, की हे कुठल्या एका समाजाचं वैशिष्ट्य नाही. भारतातल्या किशोरवयीन मुलींबद्दलच्या १३८ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे ९७ हजार मुलींचा एक मोठा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पाळी येण्याआधी तिच्याबद्दल माहिती असलेल्या मुली त्यात जवळपास निम्म्याच निघाल्या. आणि ज्यांना माहिती मिळाली, त्यांना ती देणाऱ्यांत पहिला नंबर आईचा होता. म्हणजे आईला वळसा घालून मुलीपर्यंत पोचायचा बेत मुळातच कच्चा आहे.

आई गप्प का राहते, हेही विचारून बघा. काही जणींना वाटतं, आधी सांगितलं की लवकर येते. तसं होत नाही. पाळी कधी येणार हे अनुवंश, पोषण आणि शरीराची वाढ यांवर ठरतं, बोलण्यावर नाही. काही जणींना खरोखर शब्द सापडत नाहीत, कारण त्यांना स्वतःला कुणी सांगितलेलं नसतं. पण तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि बैठकीत ते सहसा कुणी बोलत नाही. मुलगी 'मोठी झाली' हे घरात कळलं की तिचं खेळणं, बाहेर जाणं, कधी शाळाही बंद होते. लग्नाचा विषय निघतो. ज्या आईने हे भोगलंय ती मुलीच्या कानावर हा विषय जितका उशिरा पडेल तितका बरा असं मानते. ती मुलीचं बालपण वाचवायला बघते आहे. तुम्ही तिला अडाणी समजून बोललात तर तिचं दार बंद होईल; तिची काळजी खरी मानून बोललात तर ती ऐकेल आणि सांगेलही.

आयांची बैठक घ्या, मुली नकोत. सुरुवातीला एकच विचारा: "तुम्हाला पहिल्यांदा आली तेव्हा काय वाटलं होतं?" आणि मग थांबा. कुणीतरी बोलायला लागेपर्यंत खरंच थांबा, मधलं अवघडलेपण भरून काढायला माहिती देऊ नका. एकीला वाटलेलं असतं काहीतरी चावलं. दुसरीने दिवसभर परकर लपवून धुतलेला असतो. कुणाला वाटलेलं असतं आपण मरणार आणि हे घरी सांगायचं कसं. असं बोलणं सुरू झालं की आपल्या मुलीने हे भोगावं असं कुठलीच आई म्हणत नाही. मग तुम्ही एवढंच सुचवा, की मुलीला चार वाक्यं आईनेच सांगावीत: असं एक दिवस रक्त दिसेल, तुला काही लागलेलं नसेल, लपवू नकोस, मला सांग, आणि कपडा या पिशवीत ठेवलाय. पिशवीत दोन स्वच्छ घड्या किंवा पॅड आणि एक निकर. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की हे झालेलं असावं, कारण पाळी दहाव्या वर्षीही येऊ शकते. पुढचं सावकाश कळलं तरी चालतं. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते, दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर या वयात चालतं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही आली नाही, किंवा आठ वर्षांच्या आतच छाती वाढू लागली, तर डॉक्टरांना दाखवावं.

आता ती कोपऱ्यात गाठणारी मुलगी. तुमच्यापुढे तीन वाटा होत्या. आयांना दिलेला शब्द म्हणून गप्प राहणं. आयांना न कळवता सगळ्या मुलींना एकत्र बसवून सांगणं. किंवा जिने विचारलं तिला, विचारलं तेवढंच सांगणं. दुसरी वाट मी पूर्ण नाकारते. ती फुटणारच, आणि मग त्या वस्तीत तुम्हालाच काय, तुमच्यानंतर जाणाऱ्या कुणालाच प्रवेश मिळणार नाही. शिवाय मार मुलींना बसेल. पण पहिली वाटही मला मान्य नाही. आईच्या अंगावर रक्त बघितलेलं मूल घाबरलेलं असतं. त्याला "आईला विचार" म्हणणं म्हणजे ज्या घरात हा विषय बंद आहे तिथेच परत पाठवणं. तेव्हा तिसरी वाट. पुढच्या वेळी ती दिसली की एवढंच सांगा: "परवा तू विचारलंस ना? आई आजारी नाही, तिला लागलेलं नाही. मोठ्या बायकांना दर महिन्याला काही दिवस असं रक्त येतं आणि आपोआप थांबतं. मोठी झालीस की तुलाही येईल, तेव्हा घाबरू नकोस." गर्भ, लग्न, मूल यांतलं काही आत्ता नको, तिने ते विचारलेलं नाही. आयांच्या बैठकीत "मुली बघतात, मनात घाबरतात, विचारायला माणूस शोधतात" हे सांगा, पण कुणाची मुलगी ते सांगू नका.

काही घरांत पाळीत अंघोळ बंद असते, काही घरांत बाईला बाजूला बसवतात. यावर सरसकट हल्ला चढवू नका. अंघोळीचं मात्र स्पष्ट सांगा: पाळीत अंघोळ करण्याने काहीही बिघडत नाही, गरम पाण्याने दुखणं कमीच होतं. बाजूला बसण्याबद्दल त्या बाईलाच विचारा, तो तिला आराम वाटतो की शिक्षा. उत्तरं वेगवेगळी येतील. जिथे बाईला पाणी, ऊब, अन्न किंवा सुरक्षित जागा मिळत नाही, तिथे मात्र गप्प बसू नका. आणि पाळीचं रक्त 'घाण' असतं हा समज तिन्ही ठिकाणी सापडेल, तुमच्या वसाहतीतही. ते रक्त आणि गर्भाशयाचं अस्तर असतं. एका पाळीत सहसा ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी.

अहवालाचं आता सोपं झालं. समाजाचं नाव देऊन गुण लावणं थांबवा. तीच उत्तरं समाजाप्रमाणे न लावता दुसऱ्या तऱ्हेने लावून बघा: घरात पाणी आहे आणि नाही, संडासाला कडी आहे आणि नाही, कपडा वाळवायला ऊन आहे आणि नाही, कामावर बदलायला जागा आहे आणि नाही. मग समाजासमाजांतला फरक किती उरतो ते पाहा. तुमच्या मैत्रिणींना 'अमुक समाजात अज्ञान' हे वाक्य लिहायचंच असेल, तर त्यांनी आधी हा दुसरा तक्ता करून दाखवावा असा आग्रह धरा. तुम्ही शिकवणाऱ्या आहात, हे त्यांना नीट पटवून देऊ शकाल. असं वाक्य एकदा छापलं की ते त्या वस्तीतल्या मुलींना चिकटतं आणि शाळेत, दवाखान्यात त्यांच्याशी तसंच बोललं जातं. हा भाग मी तडजोडीसाठी सोडणार नाही. आणि तुमच्या पाहणीत एक गट मुळातच सुटलाय: ज्या मुलींना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा समजायला वेळ लागतो. त्यांना कुठल्याच समाजात कुणी सांगत नाही. दिसत नसलेल्या मुलीला पॅड आणि निकर हातात देऊनच शिकवावं लागतं. पुढच्या वेळी त्यांच्या आयांनाही बोलवा.

जाऊबाईंचं मी शेवटी ठेवलं, पण तुम्ही काम मात्र तिथून सुरू करा. सुगंधी वॉश बंद. योनीचा आतला भाग स्वतःच स्वच्छ राहतो. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जीवाणू असतात, ते आतला भाग आम्लधर्मी ठेवतात आणि इतर जंतूंना वाढू देत नाहीत. आतून धुणं, सुगंधी द्रव वापरणं यांनी हा तोल बिघडतो. त्यामुळे वास दडपायला जे वापरलं जातं, त्यानेच त्रास वाढू शकतो. बाहेरून साधं पाणी पुरतं. सौम्य साबण फक्त बाहेरच्या त्वचेला, आणि पुसताना पुढून मागे.

थोडं पांढरं जाणं स्वाभाविक आहे, पाळीच्या मधल्या दिवसांत तर जास्तच. पण त्याला मासळीसारखा वास येत असेल आणि ते पातळ, करडं असेल, किंवा घट्ट गुठळ्यांसारखं जाऊन खाज सुटत असेल, किंवा पिवळं-हिरवं, फेसाळ असेल, किंवा सोबत ओटीपोटात दुखत असेल किंवा ताप असेल, तर ते संसर्गाचं लक्षण आहे आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. म्हणूनच दुकानातून विचारून आणलेली गोळी किंवा मलम लागू पडेलच असं नाही. हेच तिन्ही वस्त्यांना सांगा. आणि हेही: तासातासाला पॅड किंवा घडी भिजत असेल, पाळी सात दिवसांवर जात असेल, मोठ्या गाठी पडत असतील, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थांबायचं नाही. 'बायकांचं असतंच' म्हणून अंगावर काढलेलं दुखणं मजूर वस्तीत जितकं आहे तितकंच तुमच्या वसाहतीत आहे.

जाऊबाईंना पाळी नसलेल्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. जाण्यापूर्वी आतून काही धुवू नका, कोणतंही मलम लावू नका, म्हणजे तपासणीत नीट कळेल. कधीपासून होतंय, रंग काय, वास कसा, काय काय वापरून झालं, हे कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर लाजेने अर्धं सांगायचं राहतं. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं; डॉक्टरांनी तसं सांगितलं तर ते टाळू नये, आणि ही गोष्ट घरात कुणी सांगायची हे तुम्ही दोघी जावांनी दवाखान्यातून निघतानाच ठरवून टाका.